प्रश्न काढताना

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती आटोपली की मंडपातल्या खुर्च्या अर्धगोलात लावल्या जातात, सेक्रेटरींच्या घरातलं टेबल खाली येतं आणि सोसायटीचा 'करोडपती' सुरू होतो. बक्षीस अर्थात करोडाचं नसतं. पहिल्या टप्प्याला स्टीलचा डबा, मधल्या टप्प्याला कुकर आणि शेवटच्या प्रश्नाला वर्गणीतून बाजूला काढलेली रोख रक्कम. सूत्रसंचालन दरवर्षी कोणी ना कोणी हौसेने करतं. सूट घालतं, आवाज खर्जात लावतं. प्रश्न मात्र २००१ पासून मी काढते. त्या कामाबद्दल इथे लिहायचं आहे. प्रश्न काढणाऱ्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही, पण कार्यक्रम रंगतो की पडतो ते त्याच्यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात अर्थातच टीव्हीवरून झाली. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आलं. मूळ कार्यक्रम ब्रिटनमधला, १९९८चा. आपल्याकडे त्याला अमिताभ बच्चन लाभले आणि प्रश्नांची बाजू सिद्धार्थ बसूंच्या चमूने सांभाळली. प्रश्नमंजूषा आम्हाला नवी नव्हती. लहानपणी रेडिओवर अमीन सायानींच्या आवाजातली बोर्नव्हिटा क्विझ ऐकली होती, पुढे दूरदर्शनवर याच बसूंचा 'क्विझ टाइम' पाहिला होता. पण ती हुशार मुलांची, नावाजलेल्या शाळा-कॉलेजांची स्पर्धा होती. त्या खुर्चीत आपण बसू असं आमच्या जिन्यातल्या कोणाला कधी वाटलं नव्हतं. नव्या कार्यक्रमात कोणीही फोन लावू शकत होतं. आणि पहिले पाच प्रश्न इतके सोपे असायचे की स्वयंपाकघरातूनही उत्तर दिलं जायचं. ऑफिसातून सुटलेली माणसं नऊच्या आत घर गाठण्यासाठी धडपडत होती, हे मी रोज ठाणे लोकलच्या बायकांच्या डब्यात पाहत होते.

त्याच ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. मुंबईचा सत्तावीस वर्षांचा मराठी मुलगा, यूपीएससीचा अभ्यास करणारा. शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटना देते? उत्तर ॲटर्नी जनरल. त्या रात्री आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांचा नवाथ्यांशी काही नातेसंबंध नव्हता. त्यांच्या घरातही एक मुलगा स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेला होता, एवढंच. शिवाय हे सगळं घडत होतं ते गोरेगावच्या फिल्मसिटीत, म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणारा नॅशनल पार्कचा डोंगर ओलांडला की पलीकडच्या उताराला. पुढच्या गणपतीत आपणही असं काही करू या, असं मंडळाच्या बैठकीत ठरायला वेळ लागला नाही.

प्रश्न माझ्याकडे आले ते माझ्या नोकरीमुळे. मी तेव्हा एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते आणि इतर पानांबरोबर शब्दकोड्याची चौकटही माझ्याकडे तपासायला यायची. मराठी शब्दकोडं तपासणं हे बारीक नजरेचं काम आहे. प्रत्येक घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. त्यामुळे आडव्या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी उभ्या शब्दात दीर्घ होऊन चालत नाही. अनुस्वार एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला नको असेल, तर ते घर मोडून पुन्हा बांधावं लागतं. सूचना अशी हवी की तिला एकच शब्द लागू पडेल. दोन पडले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. वाचक रागावतात ते बक्षिसासाठी नव्हे, कोड्याला बक्षीस नव्हतंच. आपलं उत्तर बरोबर असताना चूक ठरवलं, हे त्यांना सहन होत नाही. मला त्यांचा तो राग नेहमी रास्त वाटत आला.

याचं मूळ घरातच होतं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि त्यांना बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा नाद होता. चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईत ह्या कोड्यांचं मोठं वेड होतं. कूपन भरायचं, सोबत फी पाठवायची आणि निकालाची वाट पाहायची. आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा बंगळूरहून चालायची आणि सबंध मुंबई राज्यात खेळली जायची. गोम अशी होती की एकेका सूचनेला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडत आणि त्यांतला 'बरोबर' कोणता, ते आयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या पाकिटावर ठरे. मग हुशार माणूस काय करणार? दोन्ही शब्द धरून दोन कूपनं भरणार. अशी घरं दहा असली की कूपनं किती होतील ते पाहा. मुंबई सरकारने १९४८च्या कायद्याने ह्या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. १९५५ साली केंद्राचा कायदा आला: महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस असलेली स्पर्धा भरवायची नाही. चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला की हा कौशल्याचा खेळ नव्हे, जुगार आहे. आजोबांचा पगार ज्या पाकिटांत गेला ती मी पाहिलेली नाहीत. आजीने मात्र त्या काळाची आठवण शेवटपर्यंत जपली आणि आमच्या घरात 'कोडं' म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. अगदी आत्ता, २०२५च्या ऑगस्टमध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली, तेव्हा मला त्या पाकिटांचीच आठवण झाली.

म्हणून पहिल्याच वर्षी मी मंडळाला तीन गोष्टी सांगितल्या. खेळायला फी नाही. उत्तर एकच असेल आणि ते का बरोबर, हे व्यासपीठावरून सांगितलं जाईल. आणि माझ्या घरातलं कोणी खेळणार नाही. तिसरी अट माझ्या मुलांना फार जड गेली, पण ती मी कधी सोडली नाही. अमेरिकेत १९५६च्या सुमारास 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नांचा कार्यक्रम अफाट लोकप्रिय झाला होता. त्यात जिंकत गेलेले कोलंबिया विद्यापीठातले तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन घराघरांत पोचले. १९५९ साली त्यांनी काँग्रेसच्या समितीसमोर कबूल केलं की उत्तरं त्यांना आधीच पुरवली जात होती. १९६० साली तिथे असा बनाव करणं कायद्याने गुन्हा ठरवावं लागलं. इतक्या मोठ्या गोष्टीचा सोसायटीच्या मंडपाशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. पण स्टीलचा डबा असला तरी शेजारणीला तो तिच्या उत्तराने मिळाला आहे, अशी सगळ्यांची खात्री पटायला हवी. नाहीतर वर्षभर लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलणार नाही.

खुर्चीत कोण बसणार हे ठरवणारी आमची 'सर्वात जलद बोट' फेरी यंत्रावर चालत नाही. स्पर्धकांच्या हातात चार पुठ्ठे देतो, क्रम लावून ओळीने उभे धरायचे. पहिल्या वर्षीचा प्रश्न मी स्टेशनांवर काढला होता: सीएसटीकडून ठाण्याला जाताना क्रम लावा – मुलुंड, विक्रोळी, भांडुप, कांजूरमार्ग. रोज त्याच गाडीने जाणारी माणसं पुठ्ठे हातात घेऊन ओठांतल्या ओठांत गाडी चालवायला लागली. घाटकोपर सुटलं, मग विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. बरोबर लावणारे पुष्कळ निघाले, सर्वात जलद मात्र आठवीतला एक मुलगा निघाला, कारण तो रोज दाराशी उभा राहून पाट्या वाचायचा. तेव्हा मला कळलं की प्रश्न माणसाच्या पायाखालच्या जमिनीतून काढला की मंडप जिवंत होतो. पुस्तकातून उचललेल्या प्रश्नाला उत्तर आलं तरी बाकीचे नुसते टाळ्या वाजवतात. ह्या प्रश्नानंतर अर्धा तास लोक स्टेशनांवर बोलत राहिले.

चूक पर्याय निवडणं हे खरं कौशल्याचं काम. तीन पर्याय उगाच टाकलेले असले की बरोबर उत्तर आपोआप उघडं पडतं. चुकीचा पर्यायही सन्मान्य हवा, म्हणजे विचार करणाऱ्या माणसाने क्षणभर तरी त्याच्यापाशी थांबावं असा. आणि तो निवडणाऱ्याची शोभा होता कामा नये. माझ्याकडे ह्यासाठी एक वही आहे. लोक बोलताना कशाची कशाशी गल्लत करतात ते मी तिच्यात टिपून ठेवते. पोयसर नदी आणि दहिसर नदी. सातबारा आणि आठ-अ. कान्हेरीची लेणी आणि महाकालीची लेणी. हीच माझी सामग्री.

ह्या वहीतूनच पाण्याचा प्रश्न निघाला. मुंबईला पिण्याचं पाणी यांपैकी कोणत्या तलावातून येत नाही? पर्याय: तानसा, विहार, पवई, तुळशी. खुर्चीत इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी होती. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि प्रेक्षकांचा कौल मागितला. आमच्याकडे कौल रंगीत कागदांनी घेतात. अ पिवळा, ब हिरवा, क लाल, ड निळा. मंडपात निळे कागद भराभर वर झाले. साहजिक होतं. तुळशी तलाव कोणी पाहिलेला नाही, तो नॅशनल पार्कच्या आत. पवई मात्र सगळ्यांच्या ओळखीचा, एवढं मोठं पाणी डोळ्यांसमोर दिसतं, ते पीत नसू कसे? काही पिवळे वर झाले, दोन-चार हिरवे. लाल अगदी मोजके, त्यांतला एक मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्या काकांचा.

हे काका महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. पहाटे उठून, लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह सोडायचा, ठरलेल्या वेळेला बंद करायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. आमच्या नळाला पाणी कधी येणार हे घड्याळापेक्षा त्यांना आधी माहीत असायचं. निवृत्तीनंतर ते कार्यक्रमांना यायचे, मागे बसायचे, कधी बोलायचे नाहीत.

मुलीने मान वळवून सगळा मंडप पाहिला. नियमाप्रमाणे तिला कागद बघायची मुभा होती, बोलायची नव्हती. निळे कागद मोजायची गरजच नव्हती. तिची नजर मागे गेली आणि तिथे थांबली. "क," ती म्हणाली. सूत्रसंचालकाने विचारलं, बहुमत तर ड म्हणतंय. ती म्हणाली, "हो, पण चावीवाले काका क म्हणतायत."

उत्तर बरोबर होतं. का बरोबर, हे सांगायचा माझा कागद मी घडी करून ठेवला आणि माइक मागे पाठवला. काका उभे राहिले. विहार १८६०च्या सुमाराचा, इंग्रजांनी बांधलेला. तुळशी लहान, पण पिण्याचाच. सात तलाव आहेत, त्यांतले हे दोनच मुंबईच्या हद्दीत, बाकीचे तानसा, मोडक सागर, भातसा, दोन्ही वैतरणा, सगळे बाहेरचे. पवईही प्यायला म्हणूनच बांधला होता, पण त्याचं पाणी चांगलं निघालं नाही, म्हणून ते कारखान्यांना आणि बागांना. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रावर गाडी गेली, मग आमच्या रस्त्याखालून कुठली लाइन जाते त्यावर. मागून कोणीतरी विचारलं, दुसऱ्या मजल्यावर प्रेशर का येत नाही? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. पुढचा प्रश्न घ्यायला पुष्कळ उशीर झाला आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

अमेरिकेतल्या मूळ धर्तीच्या कार्यक्रमाचा हिशेब एका पुस्तकात वाचला होता: प्रेक्षकांचा कौल दहापैकी नऊ वेळा बरोबर निघे आणि फोनवरचा जाणकार साधारण तीनापैकी दोनदा. मला तो आकडा पटतो. सिनेमा, भाज्या, सण, क्रिकेट ह्यांवर मंडप क्वचितच चुकतो. पण गर्दी शहाणी असते ती सगळ्यांनी थोडंथोडं पाहिलेल्या गोष्टींपुरती. जे एकानेच हाताने केलं आहे तिथे त्या एकाचा कागद शोधायचा असतो. त्या मुलीने तो शोधला. पुढे मी प्रत्येक वर्षी एक तरी प्रश्न असा ठेवू लागले, ज्याचं उत्तर मंडपातल्या एखाद्याच्या कामातून येईल. रेल्वेचे मोटरमन, बेस्टचे कंडक्टर, परिचारिका, शिंपी, सगळे आमच्या दोन इमारतींत राहतात. त्यांना आधी सुगावा लागू न देता त्यांच्या कामाची माहिती काढणं हेच माझं पावसाळ्यातलं मुख्य काम.

एका वर्षी प्रश्नांऐवजी मी तीन डबे मांडले. स्टार प्लसवर २००१ साली 'खुलजा सिम सिम' यायचं, अमन वर्मा करायचे. मूळ अमेरिकेतलं 'लेट्स मेक अ डील'. त्या मूळ कार्यक्रमावरून एक कोडं निघालं आहे आणि त्याने मोठमोठ्यांना फसवलं आहे. तीन झाकलेल्या डब्यांपैकी एकात पेढा. तुम्ही एक डबा निवडता, उघडत नाही. पेढा कुठे आहे हे मला ठाऊक असतं. उरलेल्या दोनांतला एक रिकामा डबा मी मुद्दाम उघडून दाखवते आणि विचारते: तुमचा डबा बदलणार का?

आमच्याकडचे एक सीए काका लगेच म्हणाले, "बदलून काय फरक? दोन डबे उरले, निम्मं-निम्मं." बहुतेकांचं हेच मत पडलं. १९९० साली मेरिलिन वॉस सावंत यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात 'बदला' असं उत्तर दिलं, तेव्हा त्यांना हजारो पत्रं आली आणि त्यांत पीएचडी झालेल्या गणितज्ञांचीही होती, त्या चुकल्या असं सांगणारी. त्या चुकल्या नव्हत्या. मी हे मंडपात सांगितलं, आकृती काढून दाखवली. सीए काकांनी मान हलवली, पण नकारार्थी.

मग मुलांनी डबे ताब्यात घेतले. विसर्जनापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांवर तोच उद्योग चालला होता. एक जण पेढ्याऐवजी खोडरबर लपवायचा, दुसरी निवडायची, तिसरा वहीत रेघा मारायचा. न बदलणाऱ्यांच्या रेघा एका बाजूला, बदलणाऱ्यांच्या दुसऱ्या. वही भरत गेली तसं दिसायला लागलं: बदलणारे साधारण तीनातल्या दोनदा जिंकत होते, न बदलणारे तीनातल्या एकदा. सीए काका येता-जाता वही बघायचे. शेवटी सहावीतल्या मुलीने त्यांना थांबवून सांगितलं ते मी माझ्या दारातून ऐकलं. "काका, बदलून हरायचं असेल ना, तर मला आधी बरोबर डबा निवडावा लागतो. तो तिनात एकदाच येतो हाताला. मग उरलेल्या वेळा बदललं की जिंकलेच की मी!" मी आकृती काढून जे नीट सांगू शकले नव्हते, ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. काका पायरीवर बसले आणि म्हणाले, "परत सांग." तिने परत सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनीच मला विचारलं, ह्यावेळी डबे आहेत का?

'होम मिनिस्टर'बद्दल लिहायलाच हवं. २००४ साली ते सुरू झालं आणि जवळपास वीस वर्षं चाललं. आदेश बांदेकर घरोघरी गेले, सगळ्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. त्याची प्रतिकृती म्हणून उपनगरांत 'खेळ पैठणीचा' आले. नवरात्र, हळदीकुंकू, महिला दिन, काहीही निमित्त पुरतं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवली, कुठल्याही मैदानावर मांडव पडतो, मोठा फलक लागतो. आमच्याकडे चौथा दिवस त्याचाच. शिकल्यासवरल्या काही जणी नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. सूत्रसंचालक पहिल्यांदा विचारतो: वहिनी, नाव काय, माहेर कुठलं, लग्न कसं जमलं? आमच्या इमारतीत कित्येक वर्षं ज्यांना 'अमक्याची आई' एवढंच म्हटलं जायचं, त्यांची नावं मला त्या माइकवरून कळली. उखाणा घेताना त्यांचा आवाज चढतो, नवरा लाजतो, लोक हसतात. हे लहान नाही.

माझी हरकत फक्त खेळांना आहे. फुगे फुगवा, ग्लासांचा मनोरा रचा, पळत जाऊन वस्तू आणा. पैठणी नेहमी तरण्या हातापायांना जाते आणि साठीच्या बायका मागे टाळ्या वाजवायला. म्हणून २०२३ साली, भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा, मी एक फेरी मागून घेतली. कापडी पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत एक धान्य, तोंडाला नाडी. हात आत घालायचा, बघायचं नाही, ओळखायचं. नाचणी आणि बाजरी सगळ्यांना आली. वरी आणि राळे इथे तरुण मुली थांबल्या. तळमजल्यावरच्या आजींनी पिशवीत हात घातला, चिमूट बोटांत फिरवली, तोंडाने काही न बोलता हात काढून पुन्हा दुसऱ्या पिशवीत घातला आणि मग दोन्ही पिशव्यांवर एकेक थाप मारून म्हणाल्या, "ही वरी. हे राळं, गुळगुळीत लागतं." खसखस आणि राजगिरा तर त्यांनी बोट बुडवताच वेगळे केले. त्या फेरीचे गुण धरून पैठणी आजींना गेली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत त्या ती नेसून आल्या होत्या.

ह्या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा बदल २०१९ मधला. त्या वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर बसल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना पंधराशे रुपये मानधन. त्यांनी एक कोटी जिंकले. सोसायटीत सगळ्यांनी तो भाग पाहिला, कौतुक केलं. पुढच्या बैठकीत मी विचारलं की आपला नियम 'सभासद व कुटुंबीय' असा का आहे? आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या, धुणं-भांडी करणाऱ्या ताई, वॉचमन, झाडलोट करणारे दादा हे तिसऱ्या दिवशी मंडपात उभे राहून बघतात. त्यांना खुर्ची का नाही? कोणी म्हणालं, बक्षीस वर्गणीतून येतं आणि वर्गणी सभासदांची. मी म्हटलं, प्रसादही वर्गणीतूनच येतो, तो आपण कोणाला नाकारतो का? बरीच बोलाचाली झाली. हात वर करून मतदान झालं आणि नियम बदलला. मग कोरोना आला, दोन वर्षं मंडपच पडला नाही. २०२२ साली पहिल्यांदा बाहेरची माणसं खेळली.

भांडुपहून येऊन चार घरी पोळ्या करणाऱ्या एक ताई त्या वर्षी पुठ्ठ्यांचा क्रम लावून खुर्चीपर्यंत पोचल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. सूत्रसंचालकाने सांगितलं, आरामात बसा; तरी कडेवरच. पहिले प्रश्न हळू आवाजात गेले. मग हा आला: एका खातेदाराच्या नावावर गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा कोणता? सातबारा, आठ-अ, सहा-क की प्रॉपर्टी कार्ड? मंडपातून कुजबुज आली ती सातबाराचीच. ताई पहिल्यांदाच मागे टेकल्या. "आठ-अ. सातबारा एका गटाचा असतो. माझे सासरे गेले तेव्हा मीच फिरले सगळ्या कागदांसाठी तलाठ्याकडे." सहा-क कशाचा, असं सूत्रसंचालकाने सहज विचारलं. "वारसांचा. तोच तर लागला होता." सोसायटीत ज्यांच्या गावच्या जमिनी भावाभावांत अडकून पडल्या आहेत, असे दोघं-तिघं नंतर त्यांच्याभोवती उभे होते. ताईंनी कुकरवर खेळ थांबवला. जाताना त्या प्रश्नाची चिठ्ठी त्यांनी मागून घेतली. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती, तिला द्यायला.

आता काम अवघड झालं आहे. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि उत्तर शोधायला सूत्रसंचालकाचा श्वासही पुरतो. खुर्चीतल्या माणसाचा फोन आम्ही टेबलावर ठेवायला लावतो, पण मागच्या रांगांतून ओठ हलतात. त्यामुळे साल, राजधानी, पहिला कोण, उंच कोणतं, हे प्रश्न मी जवळजवळ सोडले. गेल्या वर्षीपासून कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्यासोबत बसते. तिने मोबाइलवरून प्रश्नांची लांबच लांब यादी काढून आणली होती. आम्ही दोघींनी ती यादी पेन्सिल घेऊन तपासली. दोन उत्तरं निघणारे प्रश्न आधी गेले, मग ज्यांचं उत्तर आमच्यापैकी कोणाच्याही आयुष्याला लागून नाही ते गेले. थोडे उरले, ते चांगले होते.

सध्या आमचा वाद मेट्रोवर अडला आहे. तिचा प्रश्न: वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो कधी सुरू झाली? जून २०१४. मी म्हणते, हे कोणाला लक्षात राहणार आणि राहिलं तर त्यातून काय कळणार? त्यापेक्षा विचार, घाटकोपरहून मेट्रो सुटली की पहिलं स्टेशन कोणतं: साकीनाका, असल्फा, जागृती नगर की मरोळ नाका? ती म्हणते, सकाळच्या गर्दीत दारापाशी कोंबलेल्या माणसाला जागृती नगर दिसतच नाही, तो थेट अंधेरीला उतरतो. प्रश्न सोपा वाटेल पण सगळे असल्फावर जातील. मी म्हणते, म्हणूनच चांगला आहे. ती स्वतः रोज त्या मेट्रोने अंधेरीला जाते, तेव्हा तिचं मत मला डावलता येत नाही. शेवटी असं ठरलंय की ती आठवडाभर सोबतच्या मैत्रिणींना विचारून बघणार आणि कोण काय चुकलं ते लिहून आणणार. वही मी तिच्याकडे दिली आहे.